एका पानाला सहा विड्या

आमगाव,
ता. ४ डिसेंबर १९३८

तीर्थरूप मामांना वच्छलाचा नमस्कार.

हे पत्र पाहून तुम्हांला आनंद होईल आणि वाचून झाल्यावर त्याहून जास्त होईल, हे मला माहीत आहे. म्हणून आधीच विनंती करते, मामींना मोठ्याने वाचून दाखवू नका.

मला एक वाईट पुस्तक हवं आहे.

साधारण वाईट नको. तसली बाबांच्या कपाटात दोन आहेत. तुम्ही आयुष्यात वाचलेलं सर्वांत वाईट पुस्तक हवं. नागपूरच्या छापखान्यात तुम्ही बावीस वर्षं प्रुफं तपासलीत आणि छापखाना बंद पडल्यावर न खपलेल्या पुस्तकांच्या पेट्या घेऊन नवेगावला परतलात. वाईट पुस्तक शेवटच्या ओळीपर्यंत वाचण्याची सवय असलेला दुसरा माणूस माझ्या ओळखीत नाही.

बी. ए. करताना चार वर्षं तुमच्या घरी राहून, तुमच्या छापखान्याच्या पुस्तकांबद्दल मी रोज जेवताना काय बोलायचे, ते मला आठवतं. तुम्हांलाही आठवत असेल. ते लिहून पाठवू नका.

कारण असं आहे. इथल्या विडी कारखान्यात साठ बाया ओसरीत बसून विड्या वळतात. मी नंदलाल मुनीमजींना भेटले. आठवड्यातून दोन दुपारी अर्धा तास बायांना पुस्तक वाचून दाखवीन आणि रोज काम सुटल्यावर ज्यांना हवं त्यांना अक्षरं शिकवीन, असं सांगितलं. ते म्हणाले, "सुनना कान से है, बहनजी, हाथ से नहीं। सुनाइए।" अट एकच, कामात खोट यायला नको. उन्हाळ्यात बाया तेंदूची पानं तोडायला जंगलात जातात. तोपर्यंत दहा बाया शिकताना दिसल्या तर शेटजींना सांगून मागची कोठी वर्गाला देतील. नाही दिसल्या तर सगळंच बंद.

मी बारा पाट्या विकत आणल्या. आणि वाचायला माझ्याजवळचं सर्वांत चांगलं पुस्तक काढलं. तेच, ज्याच्यापायी मी तुमच्याकडे दोन वेळा जेवायला उठले नव्हते.

तिसऱ्या बैठकीला ओसरीतले सगळे हात थांबले. धुरपताबाई म्हणून एक आहे, पन्नाशीची, हाताला सर्वांत चलाख. तिने अर्धी वळलेली विडी सुपात ठेवली आणि पदराने डोळे पुसत बसली. मग सगळ्याच बसल्या. त्या दिवशीच्या विड्या अशा सैल निघाल्या की मुनीमजींनी निम्म्या छाटून टाकल्या. छाटलेल्या विडीची मजुरी मिळत नाही, मामा. म्हणजे माझ्या चांगल्या पुस्तकाने त्या दिवशी साठ घरचं तेलमीठ नेलं.

मुनीमजींनी मला बाजूला बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाले, "किताब बहुत अच्छी है, बहनजी। इसीलिए बंद कीजिए।" मी पुस्तक मिटून पिशवीत टाकलं, तेव्हा त्यांनाच वाईट वाटलं. म्हणाले, "कोई खराब किताब नहीं है क्या?"

पाट्यांचं विचाराल, तर एकीनेही घेतली नाही. भिजवलेल्या तेंदूपानांवर दाब म्हणून ठेवल्या आहेत. धुरपताबाई म्हणते, "वजनाले मस्त हायेत, बाई."

पुस्तक लवकर पाठवा.

तुमची भाची,
वच्छला

---

नवेगाव बांध,
ता. ११ डिसेंबर १९३८

चि. वच्छलेला केशोरावचे आशीर्वाद.

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. दोनदा. दुसऱ्यांदा तिनेच फर्माईश केली.

तू नको म्हणालीस म्हणून तुझी भाषणं लिहून पाठवत नाही. फक्त एक आठवण देतो. "असली पुस्तकं तपासणाऱ्या माणसाच्या घरचा भात माझ्या घशाखाली उतरत नाही," असं म्हणून तू तिसऱ्यांदा भात घेतला होतास. मामीला तो दिवस तारखेसकट पाठ आहे.

आता कामाचं. माझ्याकडे चार पेट्या आहेत. त्यांतली एक जवळजवळ रिकामी झाली, कारण तळ्यावरच्या ढिवरणी सुकी मासळी बांधायला कागद मागतात आणि मला नाही म्हणवत नाही. त्यांच्याकडून असं कळतं की कवितांचा कागद लवकर फाटतो. पण एक पुस्तक मी त्यांनाही दिलं नाही. मासळीचा तरी काय गुन्हा.

ते सोबत पाठवतो आहे. 'कनकलेखा अथवा शीलाचा सुवर्णकलश.' पानं दोनशे आठ. लिहिणारे गृहस्थ कचेरीत कारकून होते. स्वतः येऊन प्रुफं पाहत आणि स्वतःच रडत. या पुस्तकात कनकलेखेला काम एकच आहे. नवरा घरात आला की ती मूर्च्छा येऊन पडते, गेला की पडते, पत्र आलं की पडते. आमचा अक्षरांचे खिळे जुळवणारा शेवटी एवढा कंटाळला की 'मूर्च्छा येऊन पडली' ही तीन पदं त्याने एकदाच जुळवून, दोऱ्याने बांधून कोपऱ्यात ठेवली होती. लागली की उचलायची आणि बसवायची. छापून झाल्यावर मी मोजलं. एकतीस वेळा.

तुझ्या मुनीमजींना माझा नमस्कार सांग. छापखान्यात असा माणूस असता तर छापखाना बुडाला नसता.

तुझा मामा,
केशोराव

---

आमगाव,
ता. ८ जानेवारी १९३९

तीर्थरूप मामांना नमस्कार.

पुस्तक मिळालं. तुमचा शब्द खरा निघाला. पहिली दहा पानं मी घरी एकटीने वाचून पाहिली आणि मला लाज वाटली. मग ओसरीत वाचायला लागले.

कनकलेखा दुसऱ्या पानावर पडली, तेव्हा विड्या चालूच राहिल्या. पाचव्या पानावर पुन्हा पडली तेव्हा शामकला, कोपऱ्यात बसते ती तरुण पोरगी, म्हणाली, "काय वं, इले घरचे जेवाले देत नाहीत का?" सातव्या पानावर तिसऱ्यांदा पडली. धुरपताबाईने मान वर न करता सांगितलं, "रोवणीले आना इले. एक दिवस चिखलात वाकली का मूर्च्छा कुठं जाते थे पाहू."

त्यानंतर ओसरी जी सुटली ती सुटलीच. कनकलेखा पडायला झाली की साठ जणी आधीच ओरडतात, "पडली, पडली." रागाने आणि हसण्याने हात असे भरभर आणि घट्ट चालतात की छाटायला विडी उरत नाही. मुनीमजी दोनदा दाराशी येऊन ऐकून गेले. काल विचारत होते, "ऐसी और भी हैं क्या?" मी सांगितलं की माझ्या मामांकडे चार पेट्या आहेत. त्यांनी हात जोडले.

पाट्या मात्र अजून पानांवरच आहेत. मी एक-दोघींना विचारून पाहिलं. धुरपताबाई म्हणाली, "कायले शिकू? तू वाचून राहिलीस तं." याचं उत्तर मला कॉलेजात कोणी शिकवलं नाही.

तरी मी आशा सोडलेली नाही. परवाच्या भागात, पन्नासाव्या पानाच्या पुढे, कनकलेखा सासूला स्पष्ट सांगते की, घरचं सारं आटोपून मी दुपारी दोन तास शिकायला जाणार, आणि खरंच जाते. तेव्हा साऱ्या जणी पुढे सरकल्या. शामकलाने तर "मंग?" असं विचारलं. एवढ्या वाईट लेखकालाही कधीमधी चांगलं सुचतं म्हणायचं.

मामींना नमस्कार.

वच्छला

---

नवेगाव बांध,
ता. १५ जानेवारी १९३९

चि. वच्छलेला आशीर्वाद.

पत्र वाचून आनंद झाला आणि थोडी काळजीही वाटली. काळजी कनकलेखेची.

मी म्हातारा झालो असेन, पण प्रुफं तीन वेळा वाचलेली आहेत. तू सांगतेस तो भाग पुस्तकाच्या चौथ्या फर्म्यात येतो, पान एकोणपन्नास ते चौसष्ट. त्या सोळा पानांत कनकलेखा एकदाही शुद्धीवर नाही. तिच्याभोवती वैद्य आहेत, सासू आहे, एक पोपट आहे आणि पातिव्रत्यावर अकरा पानांचं व्याख्यान आहे. ती शिकायला गेली कशी? खाटेसकट नेली का?

मामी म्हणते, पोरीला छळू नका. मी छळत नाही. फक्त विचारतो, कारण माझ्या हातून तपासलेल्या पुस्तकात माझ्या नकळत एवढी मोठी शाळा उघडली असेल तर मला कळायला हवं.

तळ्यावर यंदा पाखरं पुष्कळ उतरली आहेत. येऊन जा.

केशोराव

---

आमगाव,
ता. ५ फेब्रुवारी १९३९

तीर्थरूप मामांना नमस्कार.

तुम्ही पकडलंत. तुम्ही एकटेच नाही.

एकोणपन्नासाव्या पानावर ते व्याख्यान सुरू झालं. पतीच्या पायाशी बेशुद्ध पडण्यातच स्त्रीची शोभा आहे, असं त्यात लिहिलं आहे. समोर साठ बाया बसलेल्या. त्यांतल्या निम्म्या आपल्या नवऱ्यांना पोसतात. माझ्या तोंडून ते निघेना. मग मी डोळे पानावर ठेवले आणि मनातलं बोलायला लागले. कनकलेखेला उठवलं. पाणी प्यायला दिलं. सासूशी बोलायला लावलं, शाळेत पाठवलं. तीन आठवडे हे चाललं. मला वाटलं, यात कोणाचं काय बिघडतं. एका वाईट पुस्तकाचं मी चांगलं करते आहे.

पहिल्यांदा बिघडलं ते मुनीमजींचं. हात पुन्हा थांबायला लागले. ते छाटलेल्या विड्यांची टोपली घेऊन आले आणि संशयाने म्हणाले, "क्यों बहनजी, किताब सुधर गई क्या?"

दुसऱ्या दिवशी धुरपताबाईने काम सुटल्यावर मला थांबवलं.

"बाई, एक पुसू का?"

"विचारा ना."

"तुहं पहिलं पुस्तक होतं, त्याच्या एका पानाले माह्या सहा विड्या होत. पान उलटवलंस का सहा. कधी पाच, कधी सात. हे पडणारीचं पुस्तक आनलंस, त्यालेही सहा. बराबर?"

मी मान डोलावली.

"संक्रांतीच्या आधीपासून एक पान कधी दोन विड्यांत उलटते, कधी वीस झाल्या तरी उलटत नाही. काल तं तू दोन पानं एकसाथ उलटवलीस. पुस्तक तेच हाये, माहे हात तेच हायेत. मंग बदललं कोन?"

मामा, बी. ए.च्या परीक्षेतही मला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी खरं सांगितलं. सगळ्या बाया गोळा झाल्या होत्या. कोणी भांडलं नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. शामकला एवढंच म्हणाली, "म्हणजे थे शाळेत गेलीच नाही?" आणि सूप उचलून निघून गेली.

मी म्हणाले, आता जसं आहे तसं वाचते, एक अक्षर बदलणार नाही. धुरपताबाई म्हणाली, "जसं हाये तसं वाचून राहिलीस का नाही, हे आता आमाले कोन सांगन?"

गेल्या दोन बैठकींना मी वाचलं, पण कोणी ऐकत नव्हतं. आपापसांत बोलत होत्या. मी त्यांना अक्षरं द्यायला म्हणून गेले आणि त्यांना अक्षरं येत नाहीत याचाच फायदा घेतला. हे मला तुमच्या घरी जेवताना कोणी दुसऱ्याबद्दल सांगितलं असतं, तर मी काय भाषण केलं असतं, ते तुम्ही ओळखालच.

तेंदूच्या हंगामाला तीन महिने आहेत. दहा बाया कुठून आणू? मला एकही नको आहे आता, फक्त धुरपताबाईने माझ्याकडे पाहावं. उपाय सुचत असेल तर कळवा. थट्टा केलीत तरी चालेल.

वच्छला

---

नवेगाव बांध,
ता. १० फेब्रुवारी १९३९

चि. वच्छलेला आशीर्वाद.

थट्टा पुढच्या पत्रात.

आधी माझी एक गोष्ट ऐक. ती मामीलाही ठाऊक नाही. कारकुनाने आणलेल्या हस्तलिखितात कनकलेखा चाळीस वेळा पडत होती. त्यातल्या नऊ मूर्च्छा मी गाळल्या. मालकाला सांगितलं नाही, लेखकालाही नाही. त्याने छापील पुस्तक छातीशी धरलं आणि "एक अक्षर इकडचं तिकडे नाही," असं म्हणून माझे आभार मानले. तेव्हा पहिला चोर मी. तू दुसरी. तुझा माल मोठा, एवढंच.

आता उपाय. छापखान्यात प्रूफ तपासायला दोन माणसं बसतात. एक मोठ्याने वाचतो आणि दुसरा मूळ प्रत हातात धरून, ओळीवर बोट ठेवून ऐकतो. प्रत धरणाऱ्याने वाचणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नसतो. वाचणारा सख्खा भाऊ असला तरी नाही. त्याला पगार त्या अविश्वासाचाच मिळतो. आणि वाचणाऱ्यानेही त्याचा राग मानायचा नसतो.

तुझ्या धुरपताबाईला मी बघितलेलं नाही, पण विड्यांवर पान मोजणारी बाई प्रत धरायलाच जन्माला आली आहे. पुस्तक तिच्या हातात दे. काही समजावू नकोस. तुला समजावण्याची सवय आहे म्हणून सांगतो.

केशोराव

---

आमगाव,
ता. १२ एप्रिल १९३९

तीर्थरूप मामांना नमस्कार.

दोन महिने पत्र नाही म्हणून मामी रागावल्या असतील. वेळच मिळाला नाही.

तुम्ही सांगितलं तसं केलं. पुस्तक धुरपताबाईच्या सुपात ठेवलं आणि काही बोलले नाही. एवढं गप्प राहणं मला फार जड गेलं. तिने पुस्तकाकडे पाहिलं, उघडलं, उलटं धरलं, सुलटं केलं आणि पदरात गुंडाळून घरी नेलं. आठ दिवस काही नाही. नवव्या दिवशी काम सुटल्यावर ती तेंदूपानांच्या ढिगाशी गेली, वरची पाटी काढली, लुगड्याने पुसली आणि माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "थे पडते म्हणून कुठं लिवलं हाये, थे पहिलं दाखव."

मी कमळापासून सुरुवात करणार होते. तिने 'मूर्च्छा'पासून केली. अजून तिला 'घर' लिहिताना अडखळायला होतं, पण 'मूर्च्छा' ती ओसरीच्या पलीकडून ओळखते. मी वाचते तेव्हा पुस्तक तिच्या मांडीवर असतं आणि मी तिच्या खांद्यावरून वाकून वाचते. तिचा हात तेवढा वेळ रिकामा राहतो, म्हणून शामकला आणि दुसऱ्या दोघी आपल्या विड्या तिच्या सुपात टाकतात. हे त्यांचं त्यांनीच ठरवलं. तिच्या ओळखीचा एखादा शब्द माझ्याकडून घसरला की धुरपताबाईचं बोट थांबतं आणि साठ जणी माझ्याकडे पाहतात.

त्या दिवसापासून एकेक बाई पाटी मागायला लागली. मला वाटलं होतं, त्या ज्ञानासाठी येतील. त्या मला पकडायला येतात. दहा हव्या होत्या, चौदा झाल्या आहेत. दोन पाट्या कमी पडतात. मुनीमजींनी कोठीची किल्ली दिली आणि विचारलं की, तेंदूपानांवर आता दाब काय ठेवायचा? विटा आणल्या आहेत.

कनकलेखा आता एकशेतिसाव्या पानावर आहे. बेशुद्ध.

हंगामाच्या आत पुस्तक संपणार नाही. धुरपताबाई म्हणते, उरलेलं मी पाहून घेईन.

वच्छला

---

आमगाव,
ता. ११ जून १९३९

केशोरावबापूले धुरपताबाईचा रामराम.

हे पत्र मी सोता लिवून राहिलो. बाई बाजूले बसून आहे. तिले हात लावू देल्लो नाही. तीन दिवस लागले.

तेंदूले गेलो तं पुस्तक संगं नेलो. दुपारी झाडाखाली वाचलो. पानं कमी तोडलो. शामकला बोलली, बुढी पागल झाली. मंग तिलेही आयकाव लागलं.

तुमी बाईले लिवलं का थे एकतीस डाव पडते. मी मोजलो. बत्तीस हायेत. मंग वाटलं माहीच चूक असन, तं आखरी पानापासून उलटं मोजलो. तरी बत्तीस. पान एकशे एक्केचाळीस पाहा, खालून दुसरी ओळ. थे तुमी सोडून देल्ले.

बाईची कनकलेखा शाळेत जाये. पुस्तकातली काहीच करत नाही. बाईची चांगली होती. मंग थे लिवून कायले नाही ठेवलीस, असं मी बाईले पुसलो.  तवापासून थे कोरी वही घेऊन बसून राहते.

तुमच्याजवर चार पेट्या हायेत असं आयकलो. मासळीवाल्या बायांले देऊ नोका. एक आमाले पाठवा. चांगलं असलं तरी चालते. आता मी काम सुटून हात खाली असला का वाचतो.

बाई म्हणते, पुस्तक कसं वाटलं थेही लिवा. तं लिवतो. मी वाचलेल्या पुस्तकात हे सबसे खराब हाये. पर मी आजवर एकच वाचलो. दुसरं पाठवा, मंग पक्कं सांगतो.

धुरपताबाई